कॅनरी : आधी कुत्रा, मग पक्षी

प्रश्न असा : सॉफ्टवेअरवाल्यांच्या ‘कॅनरी रिलीज’मधली कॅनरी कुठली, आणि हा शब्द लॅटिन ‘कानेरे’, म्हणजे गाणे, यावरून आला का?

नाही हो! ‘गाते म्हणून कॅनरी’ हे आता पुरे करा. जो तो हेच ठोकून देतो. पक्ष्याला नाव मिळालं अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवरून, आणि बेटांना कुत्र्यांवरून. लॅटिनमध्ये ‘कानिस’ म्हणजे कुत्रा. रोमन लेखक थोरला प्लिनी पहिल्या शतकात, उत्तर आफ्रिकेतल्या जुबा राजाच्या हवाल्याने, लिहून गेलाय की कानारिया बेटावर अगडबंब कुत्रे फार, त्यातले दोन राजाकडे आणले. आजही त्या बेटांच्या मानचिन्हावर ढालीच्या दोन्ही बाजूंना कुत्रेच उभे आहेत.

आणि गंमत म्हणजे हा ‘कानिस’ आपल्या ‘श्वान’चा सख्खा चुलतभाऊ. संस्कृतात जिथे श, तिथे लॅटिनमध्ये क : शतम्–केंटुम, दश–डेकेम, तसंच श्वन्–कानिस. म्हणजे पिंजऱ्यातल्या त्या इवल्याशा जिवाच्या नावात श्वान दडून बसलाय!

काही विद्वानांना हे फार सोपं वाटतं. त्यांच्या मते बेटांचं नाव आफ्रिकेतल्या ‘कानारी’ टोळीवरून पडलं. पण त्या टोळीच्या नावाचं कारण प्लिनी काय देतो, ते वाचा की : हे लोक कुत्र्यांच्या पंगतीला बसून जनावरांची आतडी वाटून खातात! इकडून जा नाहीतर तिकडून, गाठ कुत्र्याशीच. ‘कुत्रे म्हणजे खरं तर समुद्रातले सील’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, राजाकडे दोन सील नेले असते तर प्लिनीने ते न लिहिता सोडलं असतं?

बाकी अर्थ सरळ आहेत. त्या बेटांची दारू ती कॅनरी, एक उड्या मारत करायचा नाच तोही कॅनरी. पिवळा रंग मात्र माणसाने पैदाशीतून आणलेला. रानातली कॅनरी हिरवट-करडी असते.

हां, सॉफ्टवेअर. कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्या आधी कॅनरी कोसळते, म्हणून शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सल्ल्याने ती ब्रिटिश कोळसाखाणींत नेऊ लागले. 1986 साली वायू ओळखणाऱ्या यंत्रांनी तिला सुट्टी दिली. नवी आवृत्ती आधी मोजक्या लोकांना देऊन काही बिघडतंय का पाहतात, ती हीच कॅनरी.

जाता जाता : लंडनच्या कॅनरी वार्फ या धक्क्याला नाव मिळालं कॅनरी बेटांवरून येणाऱ्या फळांमुळे, आणि तो आहे ‘आइल ऑफ डॉग्ज’वर. हे दुसरं नाव धक्क्याच्या कितीतरी आधीचं, निव्वळ योगायोग. यावरून कुणी नवी व्युत्पत्ती रचू नये.