बाटलीची मागची बाजू
वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू चार महिन्यांचं आहे, वजन १२ किलो. भात आणि बोनलेस चिकन खातं, सकाळी वाटीभर गोकुळचं दूध. पुढचे पाय जरा बाकदार वाटतात म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय, दिवसाला दोन चमचे. घरात माणसांचं ड जीवनसत्त्वाचं (डी-३) सॅशे आहे. ते आठवड्याला एक दिलं तर चालेल का? रोज दोन तास उन्हातही बांधतो. — राजारामपुरी

उत्तर : सॅशे अजिबात देऊ नका. त्यात ६०,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) असतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला एका दमात किलोमागे ५,००० आययू जातील. एवढ्या मात्रेने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उलट्या, मरगळ, सारखं पाणी पिणं ही लक्षणं दिसायला एक-दोन दिवस लागतात. चुकून एखादं दिलं गेलं असेल, तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उन्हाचं म्हणाल, तर कुत्र्याची कातडी आपल्यासारखं ड जीवनसत्त्व बनवत नाही. ते अंड्याचा बलक, कलेजी, मासे यांतूनच मिळतं. उन्हात बांधून पिल्लू फक्त तापतं.

आता पायांकडे येऊ. बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस १५ ते २० पट असतं. पिल्लाला हवं असतं ते उलटं : फॉस्फरसइतकं किंवा त्याच्या दुपटीपर्यंत कॅल्शियम. भात आणि वाटीभर दुधाने ही तूट भरत नाही, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. तुमच्या पिल्लाच्या बाबतीत हीच शक्यता जास्त. पण जादा कॅल्शियमनेही मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं वाकडी वाढतात. सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढं घालाल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. वरून बघून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून आधी एक्स-रे काढा.

सिरपचे दोन चमचे म्हणजे नक्की किती, हेही बघा. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये निव्वळ कॅल्शियम ४० टक्के असतं, ग्लुकोनेटमध्ये फक्त ९ टक्के. लेबलावर ‘कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर हातात ५०० मिग्रॅ येतात. शिवाय आकडा ५ मिलीचा आहे की १० मिलीचा, हे बारीक अक्षरात असतं.

सोपा मार्ग म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं खाद्य. सात-आठ दिवसांत थोडं थोडं वाढवत त्यावर आणा, आणि पूर्ण त्यावर आलं की सिरप बंद. खाद्यही आणि सिरपही, असं दोन्ही चालू ठेवायचं नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

प्रश्न : ऑनलाइन कुत्र्यांच्या सप्लिमेंटचे शेकडो ब्रँड आहेत, सगळ्यांना साडेचार तारे. खात्रीचा कसा ओळखायचा? — ताराबाई पार्क

उत्तर : तारे चवीला मिळतात. कुत्र्याने आवडीने खाल्लं की मालक पाच तारे देऊन मोकळा. बाटली उलटी करा आणि मागचं वाचा.

प्रत्येक घटक एका गोळीत किंवा ५ मिलीत किती मिलिग्रॅम, हे लिहिलेलं हवं. ‘खास मिश्रण ५०० मिग्रॅ’ असं लिहून खाली दहा वनस्पतींची नावं असतील, तर त्यातली महागडी वनस्पती चिमूटभर आहे की तेवढीही नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अशी बाटली ठेवून द्या. डोस ‘लहान कुत्रा, मोठा कुत्रा’ असा नको, किलोच्या हिशेबात हवा. बॅच क्रमांक, एक्सपायरी आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता हवा. नुसतं ‘मार्केटेड बाय’ पुरत नाही.

जनावरांचं औषध म्हणून परवाना घेतलेल्या बाटलीवर पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह असतं आणि ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ‘फीड सप्लिमेंट’ म्हणून विकलं जाणारं उत्पादन त्या वाटेने आलेलं नसतं. म्हणून ते वाईट असं नाही, पण अशा बाटलीवर ‘संधिवात बरा करते’, ‘किडनी पूर्ववत करते’ असं छापलेलं दिसलं तर कंपनी थापा मारतेय असं खुशाल समजा. अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक माणसांच्या खाण्यासाठी असतो. तो दिसला म्हणून कुत्र्याला चालतं असं नाही. अमेरिकन मालावर कधी कधी एनएएससीचा शिक्का असतो. ती जनावरांची सप्लिमेंट बनवणाऱ्या कंपन्यांचीच संघटना आहे, तरी शिक्क्यासाठी ऑडिट करून घ्यावं लागतं, त्यामुळे नसण्यापेक्षा असलेला बरा.

मग कंपनीला एक मेल टाका : या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का? चांगल्या कंपनीचा अहवाल येतो. त्यात तुमच्या बाटलीचाच बॅच क्रमांक आहे ना आणि जड धातूंची तपासणी केली आहे ना, ते बघा. नुसता कूपन कोड आला तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

प्रश्न : नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ४१ किलो. उठताना कण्हतो. ग्लुकोसामाइन द्यावं की फिश ऑइल? आमच्याकडे माणसांच्या फिश ऑइलच्या कॅप्सूल आहेत. — कळंबा

उत्तर : आधी वजन. ६ ते ८ टक्के वजन उतरलं तरी लंगडणं कमी होतं. तुमच्याकडे म्हणजे तीन किलो. उरलेली चपाती, शिरा, संध्याकाळचं बिस्किट बंद करून बघा. हे बिनपैशाचं आहे, म्हणून कुणी विकत नाही.

दोन्हींत फिश ऑइलला पुरावा बरा आहे, ग्लुकोसामाइनला कमजोर. फिश ऑइलमध्ये ‘१००० मिग्रॅ’ हा आकडा तेलाचा असतो. कामाचं असतं ते त्यातलं ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये ते १८० आणि १२०, मिळून ३०० मिग्रॅ भरतं. सांधेदुखीसाठी ३२ किलोच्या कुत्र्याला (तुमच्या कुत्र्याचं वजन साधारण तेवढं असायला हवं) दिवसाला सुमारे ४,२०० मिग्रॅपर्यंत देतात, म्हणजे तसल्या चौदा कॅप्सूल! त्यांतून १२५ कॅलरी आणि भरपूर चरबी जाते, हगवण लागते, स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला तर हे धोक्याचं. म्हणून जास्त तीव्रतेचं तेल घ्या. डॉक्टरांना विचारून पाव मात्रेने सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा, कारण रक्त गोठायला वेळ लागू शकतो. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, ते या मात्रेत द्यायचं नाही.

कॅप्सूल टोचून वास घ्या. मासळीचा वास चालेल. जुन्या रंगासारखा, घशात खवखवणारा आला तर तेल खवट झालंय. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गॅसशेजारच्या फळीवर नको.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. पहिल्या दिवशी कुत्रा उठताना आणि जिना चढतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आठ आठवड्यांनी त्याच जिन्यावर पुन्हा काढा. फरक दिसला नाही तर बंद करा. दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. त्याने जठराला भोकं पडतात.

प्रश्न : कारवान जातीचं कुत्रं आहे, बरगड्या दिसतात. लिव्हर टॉनिक कुठलं चांगलं? — कागल

उत्तर : कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, ती त्याची ठेवण आहे. कण्याची हाडं आणि कमरेचे खुबे वर आले असतील तर विष्ठा आणि रक्ताची साधी तपासणी आधी : विष्ठेत जंत आणि रक्तात गोचीड-ताप. शेतावरच्या कुत्र्यात ही दोनच कारणं वारंवार सापडतात. लिव्हर टॉनिकने गोचीड-ताप जात नाही, तपासणी तेवढी महिनाभर लांबते.

प्रश्न : मुलांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या कुत्र्याला चालतात का? त्या शुगर-फ्री आहेत. — शाहूपुरी

उत्तर : नाही. शुगर-फ्री गोळ्यांत साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असू शकतो. त्याच्या किलोमागे ०.१ ग्रॅमनेही कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात कोसळते. लोह असलेल्या गोळ्या जास्त खाल्ल्या तर तेही विषारी. कुत्र्याने डबी फोडली असेल तर डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे किती गोळ्या गेल्या ते मोजता येईल.