आधी आराखडा

प्रिय,

अ. उ. आ.

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली. पानापानावर कोट्या आहेत आणि पाचव्यापाशी घोडं अडलंय. ते अडणारच होतं. चार प्रकरणांत कुणाला काही हवंच नाही!

इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसचा दाखला देऊन बँकेतली नोकरी सोडू का, असं विचारतोस. त्याने लंडनमधली बँक सोडली 1902 साली. तोवर त्याचे लेख मासिकांत छापून येत होते आणि ‘ग्लोब’ या वर्तमानपत्रातल्या सदराचं काम हाताशी होतं. त्याचा गाजलेला नोकर जीव्ज पहिल्यांदा कथेत आला तो 1915 मध्ये, आणि त्याच्यावरची पहिली सलग कादंबरी आली 1934 मध्ये. मधली सगळी वर्षं जीव्ज आणि त्याचा मालक बर्टी कथांमधूनच घडत होते. नोकरीचं काय ते यातून समजून घे.

आता कामाचं. आधी आराखडा. कादंबरी सुरू करण्यापूर्वी वुडहाउसची चारेकशे पानांची टिपणं तयार असायची. त्याची ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ ही कादंबरी तू भाषेसाठी वाचलीस; आता पेन्सिल घेऊन वाच. गायीच्या आकाराचं चांदीचं दुधाचं भांडं आहे. बर्टीच्या डालिया आत्याला ते नवऱ्यासाठी चोरून हवंय. ते ज्याच्याकडे आहे त्या सर वॉटकिनला ते सोडायचं नाहीये. सर वॉटकिन जिचा पालक आहे त्या स्टिफीला चोरीचं नुसतं नाटक हवंय, म्हणजे तिचा प्रियकर चोराला अडवून सर वॉटकिनच्या मर्जीत बसेल. वर बर्टीचा मित्र गसी याची हरवलेली वही तिच्या हाती लागते आणि त्या जोरावर ती बर्टीला वेठीला धरते. प्रत्येकाचं कारण त्याच्यापुरतं अगदी रास्त आहे. हसू येतं ते तिथून.

म्हणून प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड कर. प्रसंगात कोण येतं, त्याला काय हवंय, कोण आडवं येतं, प्रसंग संपताना वस्तू कुणाच्या हातात आहे, एवढंच लिही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या कार्डासारखंच आलं, तर तो प्रसंग काढून टाक, कोटी कितीही लाडकी असो. दोन प्रसंगांमधला मजकूर जेवढा कमी तेवढा बरा. मग आराखडा! वाक्यं घासायची ती त्यानंतर. वुडहाउस पानं भिंतीवर टाचायचा. जमलेलं पान वर, कच्चं खाली, आणि खालचं पुन्हा लिहायला घ्यायचा.

हे यांत्रिक आहे असं तुझे मित्र म्हणतील. मलाही म्हणतात, आणि मी हेच सांगत राहणार आहे. उत्स्फूर्त वाटणारं पान फार क्वचित उत्स्फूर्त असतं.

तुझ्या कथेतल्या वाड्याची किल्ली मला आवडली. ती तिघांना हवी असू दे, तीन वेगळ्या कारणांसाठी. पाचवं प्रकरण तूर्त बाजूला ठेव आणि मला फक्त कार्डं पाठव. कोट्या नकोत.