वाचकांचे प्रश्न : टोकियोला पुन्हा, पण या वेळी सोबतीने

प्रश्न : २००९ ते २०१५ अशी सहा वर्षे मी नोकरीनिमित्त टोकियोत, निशी-कासाई भागात राहत होते. परतल्याला दहा वर्षे उलटून गेली. येत्या नोव्हेंबरात शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर नऊ दिवसांसाठी तेथे जाणार आहे. तिचा हा पहिलाच परदेशप्रवास असल्यामुळे तिला साहजिकच देवळे, बागा आणि झगमगाट पाहायचा आहे. मला मात्र माझी जुनी इमारत, रोजचा रस्ता, आणि ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ओतेमाचीच्या कचेरीतून ज्या वाटेने घरापर्यंत चालत आले ती वाट पाहायची आहे. हे तिच्यावर लादणे बरे दिसेल का? तेथे ओळखीचे काहीच उरले नसेल, ही भीतीही आहे. जाता जाता एक साधा प्रश्न : रेल्वेभाड्यासाठी पैसे भरून ठेवायचे जुने सुइका कार्ड आणि पाकिटात राहिलेल्या येनच्या नोटा चालतील का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : साधा प्रश्न आधी संपवू. शेवटच्या वापरानंतर दहा वर्षे हात न लागलेले सुइका कार्ड निष्क्रिय होऊ शकते. तुमचे कार्ड त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेले दिसते, तेव्हा ते सोबत न्या आणि स्थानकातल्या खिडकीवर दाखवा. मात्र त्याच्या भरवशावर फाटकाशी जाऊन मागच्या माणसांचा खोळंबा करू नका. नोटा चालतील. ३ जुलै २०२४ पासून तिन्ही मुख्य नोटा बदलल्या असून दहा हजारांवर शिबुसावा एइइची, पाच हजारांवर त्सुदा उमेको आणि एक हजारावर कितासातो शिबासाबुरो आले आहेत, तरी जुन्या नोटा रद्द झालेल्या नाहीत. निघताना तुमचे निवासपत्र निकामी झालेले असल्यामुळे मैत्रिणीइतकाच तुम्हालाही आता पर्यटक व्हिसा लागेल, आणि तो ई-व्हिसा असेल तर विमानतळावर इंटरनेट चालू ठेवूनच तो फोनवर दाखवावा लागतो; साठवलेले छायाचित्र ग्राह्य धरत नाहीत. ज्या शहरात सहा वर्षे भाडे आणि कर भरला, तेथे परक्यांच्या रांगेत उभे राहताना थोडे लागते. त्याची तयारी मात्र कोणत्याही खिडकीवर होत नाही.

आता लादण्याविषयी. तुम्ही मैत्रिणीला विचारलेले दिसत नाही, मला विचारले आहे; हे आधी उलटे करा. तिला सरळ सांगा की नऊ दिवसांपैकी दीड दिवस माझा, तो कोठे आणि कसा घालवायचा हे मी ठरवीन, आणि उरलेल्या दिवसांत मी तुझ्या यादीत ढवळाढवळ करणार नाही. मर्यादा ठरलेली असली की सोबतीच्या माणसाला कंटाळाही सुसह्य होतो. हा दीड दिवस शेवटी ठेवू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच उरकून घ्या. शेवटी ठेवलात तर आसाकुसाच्या देवळासमोर उभ्या असतानाही तुमचे अर्धे लक्ष निशी-कासाईत राहील आणि ते मैत्रिणीला कळल्याशिवाय राहणार नाही.

हे मी अनुभवाने सांगते. याच शहराच्या पश्चिम भागात मी काही काळ राहिले होते आणि बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीला घेऊन तेथे गेले. माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक स्नानगृह होते, ज्याला तेथे सेंतो म्हणतात. त्याची उंच चिमणी हीच माझ्या घराची खूण होती. ‘अगं, ती दिसली की पोचलोच,’ असे म्हणत मी तिला जवळजवळ दोन तास फिरवले. चिमणी दिसणार कोठून? त्या जागी चार गाड्या उभ्या राहतील एवढा डांबरी तुकडा आणि नाणी टाकायचे पिवळे यंत्र होते. टोकियोत जुने घर पडले की नवे उभे राहीपर्यंत तेथे बहुधा असेच वाहनतळ उगवते. मी त्या यंत्रासमोर काहीतरी उदात्त वाटण्याची वाट पाहत उभी होते, आणि मैत्रीण कठड्यावर बसून बूट काढून टाचेला पट्टी लावत होती. चूक शोधण्यात नव्हती. जे शोधते आहे ते कदाचित नसेल, हे मी तिला आधी सांगितले नव्हते, आणि म्हणून तिने दोन तास केवळ माझी वाट तुडवली.

तुमच्या बाबतीत ही भीती थोडी कमी आहे. तेथे लाकडी घरे पाडून पुन्हा बांधण्याचा वेग मोठा असला, तरी निशी-कासाईचा बराचसा भाग काँक्रीटच्या उंच वसाहतींचा आहे. २००० च्या सुमारास आपले संगणक अभियंते त्या भागात स्थिरावले त्यामागे दोन व्यावहारिक कारणे होती : तोझाई लाइन ही भुयारी रेल्वे तेथून थेट कायाबाचो आणि ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत नेते, आणि तेथील सार्वजनिक संस्थेच्या वसाहतींत जामीनदार किंवा घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम लागत नसे. अशा इमारती सहसा जागेवर असतात. बदल झाला आहे तो माणसांत. मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निशी-कासाई ज्यात येते त्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले, हे तुमच्या मुक्कामाच्या काळात कोणी सांगितले असते तर तुम्ही हसला असता.

शिवाय ओळखीचे म्हणजे केवळ इमारती नव्हेत. ओतेमाचीहून निशी-कासाईकडे जाताना मिनामी-सुनामाची सोडल्यावर गाडी भुयारातून एकदम उजेडात येते आणि आराकावा नदीचा पूल लागतो, हे तुमच्या अंगात इतके मुरलेले असेल की तुम्ही त्या क्षणी न कळत पुस्तकातून डोके वर काढाल. मैत्रिणीला त्या बाजूच्या खिडकीशी उभी करा आणि काही बोलू नका. मात्र सकाळच्या गर्दीत हे करू नका. करोनापूर्वी या मार्गावरच्या किबा ते मोनझेन-नाकाचो टप्प्याची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती, आणि तो आकडा त्या वर्षी साऱ्या जपानात सर्वांत मोठा होता. तसेच संध्याकाळी वस्तीतल्या खांबांवरच्या कर्ण्यांतून वाजणारी ती मुलांना घरी बोलावणारी धून आठवते ना? खरे तर आपत्तीच्या सूचना देणारी यंत्रणा सुरू आहे की नाही याची ती रोजची चाचणी असते. आपल्याला हुरहुर लावणारी गोष्ट नगरपालिकेच्या लेखी देखभालीची बाब असावी, हे मला फार जपानी वाटते.

या सगळ्याला जपानीत नात्सुकाशी असा शब्द आहे, तो तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक असेल. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ लळा लागणे असा आहे, म्हणून त्या शब्दात हळहळीपेक्षा जवळीक अधिक आहे. मैत्रिणीला एवढे सांगितलेत तर तुमच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून ती उगाच सांत्वन करायला धावणार नाही.

आता ती वाट. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला. त्या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० क्षमतेचा धक्का बसला, गाड्या थांबल्या आणि शहरातले असंख्य लोक पायीच घराकडे निघाले. ओतेमाची ते निशी-कासाई हे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास भरते : निहोनबाशी, कायाबाचो, एइताई पुलावरून सुमिदा नदी, मग मोनझेन-नाकाचो, किबा, तोयोचो आणि शेवटी आराकावा. संपूर्ण वाट मैत्रिणीला चालायला लावू नका. मिनामी-सुनामाचीला उतरा आणि तोझाई लाइनच्या पुलाशेजारून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलावरून निशी-कासाईपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर तेवढे चाला. नोव्हेंबरात टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणून तीनपर्यंत पुलाच्या अलीकडे असावे. पुलावर वारा असतो, तेव्हा मैत्रिणीच्या कानांचा विचार करा. इतकी रुंद आणि सरळ दिसणारी ही नदी मुळात माणसाने खणलेली आहे. १९१० च्या महापुरानंतर शहर वाचवण्यासाठी हा प्रवाह काढला गेला आणि १९२४ मध्ये त्यातून पाणी सोडले गेले. तुम्ही सहा वर्षे रोज दोनदा ती ओलांडलीत, पण काठावर किती वेळा उतरलात?

आणि पुलावर तुम्ही बोलण्याआधी तिला विचारा की त्या दिवशी तू काय करत होतीस. शाळेपासूनची मैत्रीण म्हणजे तिने त्या दुपारी दूरदर्शनवर लाटांची दृश्ये पाहिली असणार, तुमच्या नंबरवर पुनःपुन्हा फोन लावला असणार, तो लागला नसणार, आणि मग कदाचित तुमच्या घरी जाऊन बसली असेल. हा दिवस तुम्ही आजवर एकट्याचा समजत आला आहात. तिच्या वाटणीचा अर्धा भाग तुम्हाला कधी कळलाच नसेल तर तो ऐकायला यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

इमारतीविषयी थोडक्यात : बाहेरून पाहा, जिन्यात शिरू नका, कोणाच्या दाराची किंवा पत्रपेटीवरच्या नावाची छायाचित्रे काढू नका. आपले जुने घर हे आता दुसऱ्याचे चालू घर असते.

उरलेल्या साडेसात दिवसांत तुम्ही वाटाड्या आहात असे गृहीत धरू नका. शिबुया स्थानकाचे तुमचे ज्ञान आता धोकादायक आहे. तेथील गिंझा लाइन या भुयारी रेल्वेचा फलाट जानेवारी २०२० मध्ये दुसरीकडे हलला आणि यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गाच्या दोन्ही दिशांचे फलाट २०२३ मध्ये एकत्र झाले. त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, बाहेरच्या दुकानांच्या गल्ल्या तेवढ्या जागेवर आहेत. हाराजुकूचे १९२४ मधले लाकडी स्थानक २०२० मध्ये उतरवले गेले. अशा ठिकाणी फोनवरचा नकाशा मैत्रिणीच्या हाती द्या आणि तिच्या मागून चाला. ‘मला माहीत आहे’ असे म्हणत चुकीच्या दाराने बाहेर पडण्यापेक्षा ते बरे, आणि मला विचाराल तर अधिक मजेचेही.

प्रश्न : माझा मित्र चौदा वर्षे टोकियोत होता. तो मला आग्रहाने तेथे घेऊन चालला आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण ‘येथे आधी अमुक होते’ हे आठवडाभर ऐकावे लागेल, शिवाय तो जपानीत बोलत असताना मी मुक्यासारखा उभा राहीन, या कल्पनेने उत्साह मावळतो. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हे पत्र वरच्या पत्राच्या मागोमागच आले. नाशिकच्या वाचिकेच्या मैत्रिणीचे नाही, एवढे सांगते.

मुकेपणाचा उपाय तुमच्याकडेच आहे. तेथील अनेक उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात आणि कित्येक ठिकाणी यंत्राचे बटण दाबून कुपन काढायचे असते. बोट दाखवून काम भागते. मित्राला पहिल्याच दिवशी सांगा की एका वेळचे जेवण मी मागवणार. मात्र शाकाहारी असाल तर येथे त्याच्या भाषेला पर्याय नाही, कारण वरवर भाजीचा दिसणारा रस्सा आणि सोबतची चटणीसुद्धा बहुधा सुकवलेल्या मासळीच्या अर्कावर, म्हणजे दाशीवर, केलेली असते आणि प्रतिकृतीत दाशी दिसत नाही.

अर्धा दिवस एकट्याने काढा. यामानोते लाइन वर्तुळाकार आहे. तीस स्थानके, ३४.५ किलोमीटर, सुमारे तासाभरात फेरी. चुकलात तरी पुन्हा तेथेच येता, त्यामुळे पहिल्या एकट्या प्रवासाला इतकी निर्धोक गाडी दुसरी नाही. त्यातले ताकानावा गेटवे हे स्थानक २०२० मध्ये सुरू झाले. तुमचा मित्र त्याआधी परतला असेल, तर संध्याकाळी त्याला सांगण्याजोगे तुमच्यापाशीही काही असेल.

राहिले ते ‘येथे आधी’. ते थांबवू नका, प्रश्न बदला. येथे काय होते, हे विचारले की उत्तर दुकानांच्या यादीत संपते. तू कोठे उभा राहायचास, असे विचारा. टोकियोच्या फलाटांवर गाडीचे दार नेमके कोठे येणार याच्या खुणा जमिनीवर रंगवलेल्या असतात, आणि रोज जाणारा माणूस उतरायच्या स्थानकावरचा जिना समोर येईल असेच दार धरतो. त्याच्या जुन्या स्थानकावर गेलात की हा प्रश्न विचारा. तो बहुधा उत्तर देणार नाही. बोलत बोलत चालू लागेल आणि एका खुणेपाशी थांबेल. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा, तेथे रांग तशीच लावतात.