फोनवर समुपदेशन होते का?

“मॅडम, समोर बसल्याशिवाय माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळणार?” हा प्रश्न २०२०च्या टाळेबंदीपासून मी सतत ऐकत आले आहे आणि साथ ओसरल्यावरही तो थांबलेला नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा नोंदणीकृत डॉक्टरांना फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याची स्पष्ट चौकट मिळाली. आम्ही समुपदेशक औषधे लिहून देत नाही, त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: ज्या घरात बोलायला कोपराच नाही, तिथे मन मोकळे कसे व्हावे?

सुनंदाताईंचे उदाहरण घेते. (नाव आणि तपशील बदलले आहेत.) डोंबिवलीतील वन रूम किचनमध्ये पती, दोन मुले आणि दम्याचा विकार असलेल्या सासूबाई असे पाच जण दिवसभर एकत्र असत. सुरुवातीच्या संभाषणांत ताई केवळ “हो”, “नाही”, “बरी आहे” एवढेच बोलत, कारण पलीकडे सासूबाई बसलेल्या असत. मग ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तराने भागेल असेच प्रश्न मी विचारू लागले. त्यातून एवढे समजले की घरातले सारे झोपलेले असताना, पहाटे दूध आल्यावर, त्या स्वयंपाकघरात एकट्या असतात. आम्ही तीच वेळ ठरवली.

त्या वेळी फोनमधून नळाचा आवाज सतत येत राही. एके दिवशी मी विचारले, “काय धुताय?”

“दुधाची पिशवी. साबणाने.”

“कितव्यांदा?”

“तिसऱ्यांदा. कुठेतरी राहिलं असेल आणि सासूबाईंना माझ्यामुळे काही झालं, तर मला ते सहनच होणार नाही.”

“पाचव्यांदा धुतल्यावर खात्री पटते का?”

बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, “नाही पटत. हात दुखायला लागतात, म्हणून थांबते.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत असे मानते की, आपल्याला छळते ती केवळ परिस्थिती नसून तिच्याविषयी आपण मनाशी धरलेला हट्टही असतो. सासूबाईंना लागण होऊ नये ही ताईंची इच्छा रास्तच होती. मात्र लागण होणार नाही याची शंभर टक्के हमी मला मिळालीच पाहिजे, हा हट्ट कितीही साबण वापरला तरी पुरा होण्यासारखा नव्हता. हे मी एरवी चार वाक्यांत समजावले असते आणि त्यांनी मानही डोलावली असती. येथे ते त्यांच्या दुखऱ्या हातांनीच त्यांना सांगितले.

पुढे काही आठवडे आम्ही पिशवी एकदाच धुऊन फ्रिजमध्ये ठेवण्याचा सराव केला. छातीतली धडधड ओसरेपर्यंत त्या फोनवर थांबत आणि मी जवळपास काहीही बोलत नसे. माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसून हे काम इतके नेमके झाले नसते, असे मला आजही वाटते. भीती जिथे उगवते तिथे, ती उगवत असतानाच हजर राहण्याची संधी मला फोनने दिली.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते की, आधी आवाज झाकला जाईल अशी जागा आणि वेळ शोधा. मग ती गच्ची असो, जिना असो वा उभी केलेली गाडी. इअरफोन वापरा. कुणी मधेच आले तर कोणत्या शब्दाने विषय बदलायचा, हे आधीच ठरवून घ्या. सुरुवातीलाच आपण कुठून बोलत आहात आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे, हे समुपदेशकाला सांगा. त्याने स्वतःहून विचारले नाही, तर त्याच्या पद्धतीविषयी मला शंका येईल. व्हिडिओचा आग्रहही नको, कारण कोणी पाहत नसल्यामुळेच काहींची जीभ सुटते.

मात्र आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील किंवा छळ करणारी व्यक्ती त्याच घरात असेल, तर केवळ फोनवर अवलंबून न राहता प्रत्यक्ष भेटच घ्यावी. भेट होईपर्यंत एकटे राहू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.