बांध फुटला तर तो कोणी बांधायचा? शोधातून सामाजिक शास्त्र शिकवण्याविषयी

नमस्कार. आपण फोंडा तालुक्यातील एका हायस्कुलात नववीला सामाजिक शास्त्र शिकवता. वर्गात ४२ मुले आहेत, तासिका ३५ मिनिटांची आहे आणि प्रशिक्षणात ‘मुलांना शोध घेऊ द्या’ असे सांगितले गेले असले, तरी प्रत्यक्षात मुले प्रकल्प म्हणून इंटरनेटवरचा मजकूर उतरवून आणतात. मग हे नेमके करावे तरी कसे, असे आपण विचारले आहे. तिसवाडीतील एका शाळेत मी २६ वर्षे हाच विषय शिकवला. त्या अनुभवातून जे उमगले ते सविस्तर लिहिते.

मजकूर उतरवून आणणे हा मुलांचा आळस आहे, असे मीही बरीच वर्षे समजत होते. ‘आपल्या गावाची माहिती मिळवा’, ‘गोव्यातील सण या विषयावर प्रकल्प तयार करा’ असे मी फळ्यावर लिहीत असे आणि पंधरा दिवसांनी चाळीस वह्यांत तेच चार परिच्छेद आणि तीच चित्रे मिळाली की निराश होत असे. पुढे लक्षात आले की मी मुलांना प्रश्न दिलेलाच नव्हता, केवळ विषयाचे नाव दिले होते. ज्याचे उत्तर कुठेतरी तयार लिहिलेले आहे ते उतरवून आणणे हेच त्या कामाचे सर्वांत सरळ उत्तर होते आणि मुलांनी ते दिले होते. तेव्हापासून प्रश्न निवडताना मी एवढेच पाहू लागले की त्याचे उत्तर पुस्तकात एकगठ्ठा सापडणार नाही, त्याचा पुरावा मुलाला चालत जाऊन गाठता येईल आणि गावातील जाणत्या माणसांचेही त्यावर एकमत नसेल. शिक्षकालाही त्याचे उत्तर पूर्ण ठाऊक नसेल तर अधिक चांगले, कारण आपल्याला हवे ते उत्तर मुलांकडून काढून घेण्याचा मोह मग उरत नाही.

माझ्या वर्गात असा प्रश्न आला तो एका विद्यार्थिनीकडून. शाळेपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर खाजन जमीन होती, म्हणजे नदीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतजमीन. एका पावसाळ्यात तिथला बांध फुटला, नदीचे खारे पाणी शेतात शिरले आणि पुढच्या वर्षी लावणी झालीच नाही. मुले त्याच वाटेने शाळेत येत. त्या मुलीने विचारले, “टीचर, हा बांध कोणाचा? तो बांधणार कोण?” मला उत्तर देता आले नाही. त्या सत्रात मी भूगोलाचा एक, नागरिकशास्त्राचा एक आणि इतिहासाचे दोन धडे त्या एका प्रश्नाभोवती गुंफले.

पहिल्या तासिकेला प्रत्येकाने आपला अंदाज लिहून दिला. कोणी पंचायत म्हटले, कोणी सरकार, कोणी शेताचा मालक, तर थोड्यांनी कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था. ते कागद मी जपून ठेवले, कारण आपले मत कुठे आणि कशामुळे बदलले हे मुलाला पुढे स्वतःच पाहता आले पाहिजे. दुसऱ्या खेपेस आम्ही बांधावर गेलो. या भेटीची वेळ घड्याळ पाहून ठरवू नका, भरती-सुकतीचा हिशेब पाहून ठरवा. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याच्या झडपेची, लाकडी दारे नदीकडे उघडतात आणि भरती चढू लागली की नदीच्या पाण्याच्या रेट्याने ती आपोआप मिटतात, हे त्या पालटाच्या वेळी डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी जाळे का लावलेले आहे, हेही त्यांनीच एकमेकांना सांगितले. (मानशीजवळ पाण्याला मोठी ओढ असते. सोबत गावातील एक माहीतगार माणूस आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय मुलांना तिथे नेऊ नये.)

त्यानंतर चार गट चार माणसांना भेटले. कोमुनिदादीचे एक वयस्कर गावकार (वंशपरंपरेने तिचे सदस्य), एक कूळ, मानशीवरील मासेमारीचा हक्क पावणीत (लिलावात) घेणारे गृहस्थ आणि आयुष्यभर लावणी केलेली एक आजी. बांध का फुटला याची चार ठिकाणी चार उत्तरे मिळाली. खेकड्यांनी बिळे पाडून बांध पोखरला, असे एकाने सांगितले. नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी माती ढासळली, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी ठेवतात, अशी कुळाची तक्रार होती, आणि ती तक्रार ज्यांच्याविषयी होती त्यांनी ती साफ नाकारली. आजी एवढेच म्हणाली की पूर्वी बांध गेला अशी हाक आली की घरटी एक माणूस धावत जात असे, आता हाक मारणारेच कोणी नाही.

मुले गोंधळून परत आली. “आता यांतले खरे कोणते?” असे त्यांनी विचारले तेव्हा निवाडा देण्याची मला फार इच्छा झाली, परंतु मी तो दिला नाही. या पद्धतीत शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते. मी फळ्यावर तीन रकाने आखले, ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाचले’, आणि प्रत्येक विधान त्यांपैकी कुठे बसते ते मुलांना ठरवायला लावले. खेकड्यांची बिळे पाहिलेली होती, बार्जींच्या लाटांविषयी ऐकलेले होते. ज्यांनी सांगितले त्यांना त्या सांगण्यात काही लाभ-हानी आहे का, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतःच उपस्थित केला. कोणाला खोटे न ठरवता त्याचे म्हणणे तोलून पाहणे पंधरा वर्षांच्या मुलाला जमते, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे.

‘वाचले’ या रकान्यासाठी मात्र शिक्षकाला तयारी करावी लागते. पोर्तुगीज अंमलात १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकारांच्या रूढी फोराल या दस्तऐवजात नोंदवून घेतल्या. म्हणजे गावकारीची व्यवस्था पोर्तुगिजांच्या आधीची आहे, हे त्या नोंदीवरूनच निघते. १९६४ साली कूळ कायदा आला, त्यानंतर बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला कसत असलेल्या जमिनीची मालकी देऊ केली. कायद्याचा मूळ मजकूर नववीच्या मुलांना झेपत नाही. मी त्यांतील एकेक कलम सोप्या भाषेत अर्ध्या पानावर लिहून दिले. तेव्हा मुलांना दिसले की ‘बांध कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले आहे, आणि ज्याने जमीन कसणाऱ्याला न्याय दिला त्याच बदलात सामूहिक देखरेखीची जुनी घडी सुटली. त्यात आणखी एक पेच होता. शेत पडीक राहिले की खारफुटी उगवते, ती किनाऱ्याचे रक्षण करते आणि कायदा तिला संरक्षण देतो, मग ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे अवघड होते. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे असे मानले जाते, म्हणजे हा पेच एका गावापुरता नाही.

हे काम करताना मला एका आराखड्याचाही उपयोग झाला. अमेरिकेतील नॅशनल कौन्सिल फॉर द सोशल स्टडीज या संस्थेने २०१३ मध्ये सी-थ्री नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. प्रश्न घडवणे, त्या त्या शास्त्राच्या संकल्पना वापरणे, साधने पारखून पुरावा मांडणे आणि शेवटी निष्कर्ष लोकांसमोर ठेवून विचारपूर्वक कृती करणे, असे चार भाग त्यात आहेत. आपल्याकडे एनसीईआरटीच्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे आणि घोकंपट्टी सोडावी, असे म्हटले होते. आराखड्यातून क्रम मिळतो, प्रश्न मात्र आपल्याच गावात शोधावा लागतो.

आपण फोंड्यात आहात म्हणून एक प्रश्न सुचवते. मंगेशी पूर्वी कुठ्ठाळीला होता, शांतादुर्गा केळशीला, म्हाळसा वेर्ण्याला. मग हे सारे देव अंत्रुजातच, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागातच, का आले? मुले बहुधा ‘पोर्तुगिजांनी देवळे पाडली म्हणून’ असे सांगतील. ते खरे आहे, पण ‘इथेच का’ याचे उत्तर त्यातून मिळत नाही. मुलांपुढे नकाशा ठेवा, झुआरी नदी दाखवा आणि सोळाव्या शतकात नदीच्या कोणत्या काठावर कोणाची सत्ता होती ते शोधायला सांगा. ही तिन्ही गावे ज्या साष्टीत होती ती पोर्तुगिजांकडे होती, अंत्रुज विजापूरच्या आदिलशाहीत होते. नदी ही सरहद्द होती, आणि धर्म वाचवण्यासाठी माणसे एका मुस्लिम सुलतानाच्या मुलखात गेली. हे कळल्यावर मुलांचा इतिहासाकडे पाहण्याचा सरधोपटपणा कमी होतो. वर्गात हिंदू आणि ख्रिस्ती मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, तेव्हा हा विषय काळजीने हाताळावा. सोळाव्या शतकातील राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब आजच्या बाकावरील मुलाकडे मागायचा नाही, हे मी पहिल्याच तासिकेला स्पष्ट शब्दांत सांगत असे.

दहावीसाठी १९६७ च्या जनमत कौलाइतका उत्तम विषय मला दुसरा सापडला नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. एवढे पुस्तकात मिळते. प्रश्न पुढे आहे. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष या कौलात हरला, मग अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेवर कसा आला? एकाच मतदाराने जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरे का निवडले असेल? इथे साधनेही हाताशी आहेत. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही दैनिके मराठीच होती, त्यामुळे मराठी वाचणारे सगळे एका बाजूला होते हा समज तिथेच गळून पडतो. पणजीत पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे अंक पाहण्याविषयी आधी चौकशी करून जावे. घरातील आजोबांनी कोणाला मत दिले होते हे मुले विचारून येतात आणि एकाच वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतील मुले असतात. माझ्या स्वतःच्या घरी फूल होते. मी ते मुलांना सांगत असे, म्हणजे माझे बोलणेही त्यांना पारखून घेता येई.

वेळेची आपली चिंता रास्त आहे. वर्षभर असे शिकवता येणार नाही आणि तसा अट्टहासही करू नये. मी सत्राला एकच प्रश्न घेत असे आणि त्यास तीन आठवड्यांतील सहा-सात तासिका देत असे. गावात जाण्याचे काम शनिवारी दुपारी होई. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सजावटीला न देता, पहिला अंदाज आणि शेवटचे मत यांत काय बदलले व कोणत्या पुराव्याने बदलले, हे एका पानावर लिहिण्यास देत असे. ते पान इंटरनेटवरून उतरवून आणता येत नाही.

भाषेचे एक सांगते, कारण आपल्याकडे तो मोठा अडसर आहे. मुलांची घरची भाषा कोकणी किंवा मराठी, पाठ्यपुस्तक इंग्रजी. माणसांशी बोलणे ज्या भाषेत होते त्याच भाषेत ते वहीत उतरू द्यावे. मानस, पोंय (खाजनातला पाणी साठणारा खोलगट भाग), पावणी या शब्दांचे इंग्रजी करायला लावले की आजीने सांगितलेले निम्मे हरवते, आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलेच अशा नोंदी सर्वांत चांगल्या लिहितात, हे मी अनेकदा पाहिले.

वह्या मात्र मुलांना परत देऊन टाकू नका, शाळेतच ठेवा. आमच्या पहिल्या तुकडीला बार्जींच्या लाटांविषयीचे म्हणणे ‘ऐकले’ या रकान्यातच सोडावे लागले होते. दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी त्या वह्या वाचल्या आणि भरतीच्या वेळी बांधावर बसून, बार्ज गेल्यावर पाणी काठीवर किती चढते ते खुणा करून मोजायला सुरुवात केली.