फ्लाइट सिम्युलेटर नवीनच घेतलाय, एअरबस उतरवताना दरवेळी आपटते. योक घेतला तर जमेल का?

नाही जमणार. तुम्ही उडवताय ती ए३२०, आणि तिच्या कॉकपिटमध्ये योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल, नसतोच. कॅप्टनच्या डाव्या हाताला साइडस्टिक, म्हणजे छोटी काडी, असते. योक बोइंगमध्ये. म्हणजे ज्यांनी तुम्हाला "आधी चांगला योक घ्या, मग बघू" असं सांगितलं, त्यांनी तुमचा प्रश्न धड वाचलेलाही नाही. नवीन माणसाने काही विचारलं की त्याला थेट दुकानाचा रस्ता दाखवायचा, ही खोड आपल्याकडच्या सिमवाल्यांना फार आहे. माझं त्यावरून डोकं फिरतं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की घणसोलीला राहता, लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम्युलेटर आहे, हातात गेमपॅड आहे. मुंबईच्या २७ नंबरच्या रनवेवर ऑटोपायलटने छान येता, पाचशे फुटांवर तो काढता, आणि तिथून पुढे विमान डावीकडे झुकत, वर-खाली उड्या मारत खाली आदळतं.

कोपरखैरण्याच्या एका कॉलेजच्या मुलाकडे हाच घोळ बघितलाय. त्याच्याकडे योक होता, पेडल्स होती, थ्रॉटलचा वेगळा खोकाही होता. घरच्यांनी दहावी-बारावीचं बक्षीस म्हणून सगळं एकदम घेऊन दिलेलं. "काका, विमान आपोआप डावीकडे जातं," एवढीच तक्रार. यूट्यूब बघून त्याने सेटिंग्ज इतक्या वेळा बदलल्या होत्या की मूळ काय होतं ते त्यालाही सांगता येईना.

अशा वेळी सिम्युलेटर उघडायचाच नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायचं, येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल टाइप करायचं आणि एकेका उपकरणाचे गुणधर्म बघायचे. हात लावलेला नसताना सगळे अक्ष स्थिर हवेत. त्याच्या रडरची (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) पडद्यावरची पट्टी पेडलवर पाय नसतानाही थरथरत होती आणि मधूनच डावीकडे उडी मारत होती. पेडलच्या आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासून हालचाल मोजणारा भाग, असतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात वर्षभर बिनवापराचा पडला की त्याच्या पट्टीवर थर धरतो. खालचे स्क्रू काढून आत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारायचा, पेडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. गंज काढायचा नेहमीचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. नंतर सिममध्ये रडरला ५ टक्के डेडझोन द्यायचा, म्हणजे मध्याजवळची तेवढी हालचाल सिम धरत नाही. थरथर त्यात गिळली जाते.

तरीही विमान डावीकडे गेलंच. कारण टेबलाच्या मागे एक जुना गेमपॅड केबलसकट लटकत होता आणि सिमने त्यालाही आपणहून एलेरॉन (पंख झुकवणाऱ्या फळ्या) देऊन ठेवले होते. एकाच अक्षावर दोन उपकरणं असली की दोन्हीकडून आलेले आकडे एकमेकांवर चढतात. गेमपॅडची काडी जुनी झाली की मध्यावर थांबत नाही, आणि तुम्ही योक कितीही सरळ धरा, पंख झुकतोच. बहुतेक वेळा "ऑटोपायलट आपोआप सुटतो" या तक्रारीचं मूळही इथेच असतं. कंट्रोल्समध्ये जाऊन जे उपकरण वापरत नाही त्याचं प्रोफाइल रिकामं करा, नाहीतर केबल काढून टाका.

एवढं केल्यावरही टेकऑफला त्याची सेसना, म्हणजे एका पंख्याचं छोटं विमान, डावीकडेच ओढत होती. हा बिघाड नाही. एका पंख्याच्या विमानात पूर्ण पॉवर आणि कमी वेग असला की पंख्यामागची फिरती हवा शेपटीवर आदळते, नाक वर असताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं, आणि नाक डावीकडे वळतं. उजवा पाय द्यावा लागतो. हे न सांगता त्याला कोणीतरी "कॅलिब्रेशन पुन्हा कर" म्हणून पिटाळलं होतं.

आणखी एक. योक, पेडल्स, थ्रॉटल, माउस असं सगळं एका स्वस्त यूएसबी हबवर होतं, वेगळा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या. उड्डाणाच्या मध्येच उपकरण सुटल्याचा 'टुंडुंग' आवाज आला की आधी हबकडे बघा. अ‍ॅडॉप्टरवाला हब लावा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

आता मुद्द्याचं. हे सगळं दुरुस्त झाल्यावरही त्याचं विमान उतरताना उड्या मारतच होतं. कारण त्याने ट्रिमचं, म्हणजे काडीवर सतत जोर न देता नाक त्याच कोनात ठेवणारं, बटण जोडलेलंच नव्हतं. "एअरबसमध्ये ट्रिम लागतच नाही ना?" बरोबर, ए३२० स्वतःच ट्रिम करते. म्हणूनच नवशिक्याला ती देऊ नये.

यावरून आमच्याकडे ठाण्यात एका ज्येष्ठ सिमरशी माझं जुनं भांडण आहे. त्यांचं म्हणणं, पोरांना मोठं विमान हवं असतं, सेसना देऊन कंटाळा कशाला आणायचा, ऑटोपायलट सांभाळून घेतो. घेतो ना, पाचशे फुटांपर्यंत घेतो! मग जे विमान कधी हातात धरलंच नाही ते माणूस धरतो, जमिनीपासून अर्ध्या-पाऊण मिनिटावर, १४० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). तुमचं नेमकं हेच होतंय.

तर सेसना १७२ घ्या आणि २७ वरच उतरवा. हा रनवे साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे, तुम्ही अर्धा वाया घालवला तरी चालतो. शिवाय रस्ता तुमच्या ओळखीचा. पूर्वेकडून येताना वाशी आणि कोपरखैरण्याच्या मधून यायचं, ऐरोली पूल उजवीकडे आणि वाशी पूल डावीकडे ठेवून खाडी ओलांडायची, मग घाटकोपर, मग रनवे. तीन अंशांच्या उताराला एका सागरी मैलामागे ३१८ फूट खाली यायचं असतं. कोपरखैरण्याची रेघ रनवेपासून सातेक मैलांवर, म्हणजे तिथे साधारण २२०० फूट. खाडीच्या मध्यावर १७५० च्या आसपास. घाटकोपर स्टेशनपाशी पाचशेच्या घरात. खाली येण्याचा दर काढायला जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणा: ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट, ए३२० च्या १४० ला ७००.

कोपरखैरण्याला ९० नॉट आणि फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या फळ्या) १० अंश ठेवा. पुढचे फ्लॅप ८५ नॉटच्या आत आल्यावरच, तेव्हा खाडीवर ८० करून २० अंश, घाटकोपरच्या अलीकडे ३० अंश आणि ६५ नॉट. प्रत्येक टप्प्यावर क्रम एकच: नाक हवं तिथे हाताने धरा, पॉवर बदला, वेग स्थिरावेपर्यंत थांबा, आणि मग ट्रिमचं बटण एकेक टिचकी दाबत जा, काडी मध्यावर सोडली तरी विमान तसंच राहील इथपर्यंत. ट्रिमने विमान वर-खाली न्यायला जाऊ नका, झोके तिथूनच सुरू होतात. ट्रिमची वर-खालीची दोन बटणं अंगठ्याखाली हवीत, कीबोर्डवर नकोत. सिमच्या मदतीच्या पानावरचं ऑटो-ट्रिम आणि असिस्टेड लँडिंग बंद करा, नाहीतर तुम्ही एक करता आणि ते दुसरंच. ऑटो-रडर सध्या राहू द्या, गेमपॅडवर तो हवाच.

रनवेशेजारी चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे वस्तीत घुसताय. वीसेक फुटांवर पॉवर पूर्ण बंद आणि नाक हळूहळू उचलत विमान जमिनीला टेकू न देण्याचा प्रयत्न करा, ते आपोआप टेकेल. ८० नॉटने आलात तर ते टेकणारच नाही, तरंगत राहील, तुम्ही घाबरून काडी पुढे ढकलाल आणि पुढचं चाक आधी आपटेल. जोरदार लँडिंगचं सगळ्यात मोठं कारण जास्तीचा वेग आहे, हे नवीन लोकांना खरंच वाटत नाही.

लाइव्ह हवामान लावलं असेल तर बी दाबून उंची दाखवणारा अल्टिमीटर जुळवा. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ हेक्टोपास्कल असताना तुम्ही १०१३ वर राहिलात तर काटा पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवतो. तुम्हाला वाटतं पाचशेवर आहोत, असता दोनशेवर.

समुद्राकडून ०९ वर, म्हणजे त्याच रनवेच्या दुसऱ्या टोकाकडून, येत असाल तर आधी जुहूचा आखूड रनवे दिसतो, जवळपास त्याच दिशेचा. त्यावर उतरलात तर लाजू नका: १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ प्रवाशांसकट तिथेच उतरलं होतं आणि रनवे संपल्यावर थांबलं. आणि उलव्याचा नवा विमानतळ जुन्या सिममध्ये दिसत नाही म्हणून फाइल्स पुन्हा डाउनलोड करत बसू नका. तिथून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली. आधीच्या नकाशात तिथे खाडी किंवा भराव दिसणार.

एअरबसवरच अडून बसला असाल तर दोन गोष्टी. थ्रस्ट लिव्हर चढाईच्या खाचेत ठेवून विसरायचे. गेमपॅडच्या बटणाने ते खाली आणलेत की वेग सांभाळणाऱ्या ऑटोथ्रस्टला तेवढीच मर्यादा मिळते, आयडलला गेले की तो बंदच पडतो आणि वेग गळतो. ते "रिटार्ड" ऐकू आल्यावरच मागे ओढायचे, वीस फुटांवर. दुसरं, ही गाडी ५० फुटांवर नाकाचा कोन लक्षात ठेवते आणि ३० फुटांखाली तो स्वतःहून हळूहळू कमी करायला लागते, जेणेकरून पायलटने काडी मागे ओढावी. तुम्ही नुसतं धरून बसलात तर ती आपटणारच. सिमसाठी बनवलेल्या सगळ्या ए३२० मध्ये हे सारखं जमवलेलं नाही. फ्लायबायवायर या गटाची फुकट मिळणारी चांगली आहे, तिच्या कॉकपिटमधल्या टॅब्लेटमध्ये थ्रस्ट लिव्हरच्या खाचा जुळवण्याचं पान आहे, ते आधी भरा.

लॅपटॉपचं थोडक्यात. फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) २० च्या खाली गेल्या की तुमचा हात आणि पडदा यांत अंतर पडतं, तुम्ही जास्त ओढता, मग जास्त ढकलता. मुंबईवर इमारतींमुळे हे होतंच. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल अर्ध्यावर आणा, विमानतळावरची वर्दळ कमी करा, फ्रेम ३० ला बांधून टाका. ५० ते २० असं हेलकावणारं नको, सलग ३० पुरे. चार्जर लावूनच खेळा, आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये सिमला वेगळं ग्राफिक्स कार्ड नेमून द्या. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून उडवत असाल तर कुठलीच सेटिंग कामाची नाही.

खरेदी करायचीच तर हॉल सेन्सरची (चुंबकाने हालचाल मोजणारी), वळणारी काडी असलेली एक जॉयस्टिक. थ्रस्टमास्टरची टी१६००० मिळाली तर उत्तम. काडीच्या पुढे-मागे आणि डावी-उजवीकडच्या अक्षांत घासणारा भाग नाही, म्हणून तिथला मधला बिंदू हलत नाही. थ्रॉटलची पट्टी तिच्यावरच असते. संवेदनशीलता उणे ३० च्या आसपास. पेडल्स नंतर, योक सेसना-बोइंगच आवडू लागली तर. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर खोक्यातून काढून तिथल्याच मशीनवर जॉय डॉट सीपीएल बघून घ्या.

गेमपॅडवर सेसना उतरवणारे लोक आहेत, तेव्हा आज काहीच न घेता सुरू करता येतं. आणि पुढे पायलट व्हायचा विचार असेल तर घरच्या सिमचे तास लॉगबुकात धरत नाहीत. मोठ्या विमानाची घाई करायला तेही कारण नाही. त्या ज्येष्ठांचे दोन-तीन शिष्य थेट एअरबसवर शिकले, हे खरं आहे. पण ते अजून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, आला की ऑटोलँड लावतात.

सेसनावर चार-पाच वेळा करून बघा आणि नाहीच जमलं तर परत विचारा, पण विचारताना एवढं लिहा: पाचशे फुटांवर वेग किती होता, फ्लॅप किती, फ्रेम किती, वारा कुठून, मदतीतलं काय चालू होतं, आणि जॉय डॉट सीपीएलमध्ये हात न लावता काय हलत होतं.