जे-पाऊच झाल्यावरही रक्त पडतंय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, अल्सरेटिव्ह कोलायटिसपायी (मोठ्या आतड्याला सूज अन् जखमा) माह्यं मोठं आतडं काढून जे-पाऊच केलं, म्हणजे लहान आतड्याची पिशवी करून खाली गुदद्वाराशी जोडली, तरी संडासमधून रक्त पडूनच राहिलं. मूळव्याधीचं औषध घेतलं, फरक नाही.
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, मूळव्याधीवर वेळ नका घालवू. स्टेपलरनं पाऊच जोडताना गुदाशयाची १-२ सेंटिमीटर पट्टी मागे राहते, जुना आजार तिथंच परत डोकं काढतो, तो कफायटिस, म्हणजे त्या उरलेल्या पट्टीची सूज. आधी पाऊचोस्कोपी (दुर्बिणीनं पाऊच आतून पाहणं) अन् बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) करा. पहिला उपाय मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी), रोज रात्री, अन् रक्त थांबलं म्हणून मनानंच बंद नका करू. आपल्याकडच्या मे महिन्यात ती वितळते बरं, फ्रीजमध्ये ठेवा. तरी नाही जमलं तर स्टेरॉइडची सपोझिटरी, पण तेव्हा क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार), फिश्चुला (आतून पडलेली चुकीची वाट), जोडातली गळती हेही नागपूरला गॅस्ट्रोच्या (पोटविकाराच्या) डॉक्टरकडून तपासून घ्या, बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं) नाहीतर परत ऑपरेशन हे त्याच्यानंतरचं.